कंट्रोल-डी दाबल्यावर काय होतं: एका फोटो स्टुडिओतल्या सॉफ्टवेअर-बदलाचं प्रकरण

हे प्रकरण 2023 च्या मे ते ऑगस्ट या महिन्यांतलं आहे. मी तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेते. स्टुडिओच्या मालकांनी मला त्यांच्या ऑपरेटरना नवं सॉफ्टवेअर शिकवायला बोलावलं. पुढे जे घडलं त्यात माझेही निर्णय होते, आणि त्यातले काही चुकले. गाव, दुकान आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात आणि ऑपरेटरना मामा. इथंही तेच ठेवते.

पार्श्वभूमी

स्टुडिओ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात, एसटी स्टँडसमोर आहे. रोजचा गल्ला पासपोर्ट फोटोंवर चालतो: शाळा-कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं, भरतीचे फॉर्म. त्याखालोखाल जुने फोटो साफ करून मोठे करून देण्याचं काम. घरात कुणी गेलं की तेराव्याच्या आत हार घालायला फोटो लागतो, आणि घरच्यांकडे असतो तो कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला. त्यातून एक चेहरा उचलायचा, मागचा मंडप काढायचा, कधी अंगावर कोट चढवायचा. हे काम पंचक्रोशीत मामांसारखं कुणी करत नाही. तिसरं काम लग्नाच्या अल्बमचं, पण ते हंगामी.

मामा 1987 साली डार्करूममध्ये हाताखाली लागले. निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करणं, प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं भरणं, ही त्यांची पहिली विद्या. 2003 मध्ये अण्णांनी संगणक घेतला, त्यावर फोटोशॉप 7.0 होतं. जिल्ह्याच्या गावी एका ओळखीच्या ऑपरेटरशेजारी आठ दिवस बसून मामा ते शिकले. तेव्हापासून वीस वर्षं तीच आवृत्ती आणि तेच विंडोज एक्सपी.

मामांचं इंग्रजी वाचन जेमतेम आहे. मेनूतला शब्द ते वाचत नाहीत, ओळखतात, त्याच्या लांबीवरून आणि जागेवरून. बहुतेक वेळा मेनूपर्यंत जायची गरजच पडत नाही. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, नजर फोटोतल्या चेहऱ्यावर. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला वाटलं होतं की यांना संगणक फारसा येत नाही. हा अंदाज साफ चुकीचा होता, आणि पुढच्या पंधरा दिवसांचा त्रास त्यातूनच झाला.

अडचण

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. त्याला बसणारा दुसरा मिळेना. अण्णांनी नवा संगणक घेतला, विंडोज 11 सह. फोटोशॉपची जुनी सीडी मुळात विकतची नव्हती, आणि आता अण्णांना तसलं काही दुकानात नकोच होतं. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी कुठूनतरी आणलेल्या अशाच एका सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस आला आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट होऊन बसले. त्यात एका मुलाची पोलीस भरतीची कागदपत्रं होती. ती परत मिळाली, पण अण्णांनी ते मनाला लावून घेतलं होतं.

म्हणजे प्रश्न दुहेरी होता. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, हा पहिला. वीस वर्षं एकाच चौकटीत काम केलेला हात दुसरीकडे बसवायचा कसा, हा दुसरा. आम्ही सगळ्यांनी पहिल्यावर चार दिवस चर्चा केली. दुसऱ्याचा विचार कुणीच केला नाही. आणि 15 जूनला शाळा उघडणार होत्या.

कोणते पर्याय होते

गावातला एक तंत्रज्ञ पाचशे रुपयांत नव्या फोटोशॉपची तोडलेली, म्हणजे विनापरवाना, आवृत्ती टाकून द्यायला तयार होता. अण्णांनी नाही म्हटलं.

दुसरा पर्याय म्हणजे रीतसर भाडं भरून फोटोशॉप वापरायचं. 2013 पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. मामांच्या हातातल्या कळा, म्हणजे कीबोर्डवरचे शॉर्टकट, इथं जवळजवळ तशाच राहिल्या असत्या. पण अण्णांचा हिशेब वेगळा होता: आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, अल्बम नाहीत, आणि भाडं मात्र दर महिन्याला. सॉफ्टवेअर दुकानाच्या मालकीचं असावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. आज तितकं पटत नाही, त्याबद्दल शेवटी लिहिते.

तिसरा पर्याय फोटोपी. हे ब्राउझरमध्ये चालतं, मांडणी आणि कळा फोटोशॉपसारख्या आहेत, फोटोशॉपच्या पीएसडी फाइली उघडतं, आणि जाहिराती चालत असतील तर फुकट आहे. अण्णांची शंका इंटरनेटची होती. आमच्याकडे वीज गेली की राउटर बंद. इन्व्हर्टरवर संगणक चालतो, पण गल्लीतल्या केबलवाल्याकडेच वीज नसते.

चौथा पर्याय गिम्प. फोटो दुरुस्त करायचंच सॉफ्टवेअर, 1996 पासून चालत आलेलं, मुक्त, फुकट, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. तेव्हा 2.10 ही मालिका चालू होती. मी ते स्वतः वापरते, म्हणून मी त्याचीच शिफारस केली. माझ्या ओळखीचं ते मामांना सोपं जाईल, असं मी धरून चालले होते.

ठरलं ते असं: पासपोर्ट आणि टचिंग गिम्पवर, आणि जुन्या अल्बमच्या साच्यांचं काय करायचं ते नंतर बघू. हे साचे म्हणजे बारा बाय छत्तीस इंची पानांच्या पीएसडी फाइली. गिम्प त्या उघडतं, पण त्यातल्या अक्षरांच्या सावल्या, कडा वगैरे इफेक्ट जसेच्या तसे येत नाहीत.

पहिला आठवडा: मी जे शिकवलं

मी वर्गात शिकवते तसंच सुरू केलं. डावीकडे हत्यारांची पेटी, तिच्या खाली त्या हत्याराचे पर्याय, उजवीकडे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, वर मेनू. मग एकेक हत्यार क्रमानं. रोज संध्याकाळी दीड तास. मामा मान हलवत होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, चाललंय छान.

दिवसा काउंटरवर वेगळंच चाललं होतं. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला, "मॅडम, जरा येऊन जा. मशीन अडकतंय." गेले तर गिम्पमध्ये चाळीसेक फोटो उघडे होते, त्यातले बहुतेक एकाच मुलीचे, एकसारखे.

मी मामांना म्हटलं, "एक फोटो करून दाखवा." त्यांनी पार्श्वभूमी निवडली, म्हणजे तेवढाच भाग कामासाठी आखून घेतला, पांढरी केली, आणि निवड सोडायला डाव्या हातानं कंट्रोल-डी दाबलं. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी म्हणजे निवड सोडणं. गिम्पमध्ये कंट्रोल-डी म्हणजे अख्ख्या चित्राची दुसरी प्रत. समोर नवी प्रत उघडली आणि निवड तशीच राहिली. मामांनी पुन्हा कंट्रोल-डी दाबलं. अजून एक प्रत.

मी त्यांच्या बोटांकडे पाहत बसले. वही काढली आणि त्या दिवशी शिकवलं काहीच नाही, फक्त लिहून घेतलं. फोटोशॉपमध्ये बी म्हणजे ब्रश आणि पी म्हणजे पेन. गिम्पमध्ये बी म्हणजे पाथ, म्हणजे तेच पेन, आणि पी म्हणजे ब्रश, अगदी उलटं. फोटोशॉपमध्ये एस म्हणजे स्टॅम्प, एका जागेची कातडी उचलून दुसऱ्या जागी लावणारा. गिम्पमध्ये एस म्हणजे स्मज, बोटानं ओला रंग फासावा तसं फासणारा. मामा चेहऱ्यावरचा डाग झाकायला एस दाबायचे आणि गाल फासला जायचा. फोटोशॉपमध्ये स्टॅम्पचा उगम ऑल्ट धरून क्लिक करून ठरतो, गिम्पमध्ये कंट्रोल धरून.

सगळ्यांत घातक निघालं कंट्रोल-टी. फोटोशॉपमध्ये त्यानं चित्र लहान-मोठं करायची चौकट येते. गिम्पमध्ये त्यानं निवडीभोवतीच्या चालत्या मुंग्या (हलती तुटक रेघ) दिसेनाशा होतात. निवड असते, फक्त दिसत नाही. मग ब्रश त्या अदृश्य निवडीच्या आतच चालतो आणि बाहेर कितीही घासला तरी उमटत नाही. मामा दोन दिवस म्हणत होते, "ब्रश मधेच मरतोय." मी म्हटलं होतं, माउस बदलून बघा. अण्णांनी नवा माउस आणलासुद्धा.

तेव्हा मला खरी अडचण दिसली. मामांना चौकट अनोळखी आहे, हा माझा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्या बोटांना एक चौकट पाठ होती, आणि नव्या चौकटीत त्याच कळांवर दुसरीच कामं होती. पहिल्यांदाच शिकणाऱ्या माणसाला हा त्रास होत नाही. त्याचं बोट कळ शोधतं. मामांचं बोट शोधत नव्हतं, ते आधीच पोचलेलं असायचं.

गोंदणाचा फोटो

त्याच आठवड्यात ते काम आलं ज्यावरून सगळंच थांबलं असतं. एका शेतकऱ्याची आई गेली होती. तिचा एकच बरा फोटो होता, पुतणीच्या लग्नातला, अक्षता टाकताना. मामांनी सव्वादोन तास बसून तिला त्या गर्दीतून बाहेर काढलं. पदराची कड, कानातल्या कुड्या, मागची निळी पार्श्वभूमी, सगळं वेगवेगळ्या लेयरवर. मुलगा येऊन फोटो घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला.

"मामा, आईच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

फोटो जुना, त्यावर बुरशीचे ठिपके होते. ठिपके काढताना कपाळावरचं हिरवं गोंदणही निघून गेलं होतं. डाग मिटवणाऱ्या हीलिंगच्या ब्रशचा आकार मोठा राहिला होता. तो बदलायची पट्टी हत्याराच्या पर्यायांत असते, आणि मामांना ती अजून सवयीनं सापडत नव्हती.

एरवी पाच मिनिटांचं काम. टचिंगचा लेयर तेवढ्या जागी पुसला की खालचं गोंदण वर आलं असतं. पण लेयर राहिलेच नव्हते. गिम्पमध्ये सेव्ह म्हटलं की फक्त त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते, आणि जेपीजी हवी असेल तर एक्सपोर्ट करावं लागतं. 2012 च्या 2.8 पासून ही विभागणी आहे. मामांनी सेव्ह केलं तर अनोळखी नावाची फाइल मागितली, म्हणून त्यांनी ते रद्द केलं. मग एक्सपोर्ट करून जेपीजी घेतली, ती उघडून पाहिली, ठीक दिसली. बंद करताना गिम्पनं विचारलं की बदल टाकून द्यायचे का. फाइल तर झालीच आहे, असं समजून त्यांनी हो म्हटलं.

त्या रात्री मामा अकरापर्यंत बसले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. मी शेजारी बसले होते. गोंदण तीन ठिपक्यांचं होतं. शेवटी ते शंभर टक्क्यांवर बघून त्यांनी हात बाजूला घेतला आणि म्हणाले, "मॅडम, मला हे जमणार नाही असं नाही. पण माझ्या हातून लोकांची माणसं पुसली जातील, ते मला चालणार नाही."

निर्णयाची जागा

दुसऱ्या दिवशी अण्णा, मामा आणि मी दुकान उघडायच्या आधी बसलो. परत तोडलेल्या फोटोशॉपकडे जायचं का, हा प्रश्न खराखुरा समोर होता. अण्णांनी मामांवर सोडलं. मामांनी आठ दिवस मागितले, एका अटीवर: शिकवणी बंद, आणि मी सकाळच्या गर्दीत दोन तास दुकानातच बसायचं.

मग कळांचं काय करायचं, हे ठरवायचं होतं. एक मार्ग होता फोटोगिम्प नावाची जोडणी टाकायचा. तिनं गिम्पची मांडणी आणि कळा फोटोशॉपसारख्या होतात. मी ती टाकून पाहिली. ती नव्या फोटोशॉपसारखी दिसते, मामांच्या 7.0 सारखी नाही. शिवाय उद्या काही अडलं आणि गिम्पचा एखादा हिंदी व्हिडिओ लावला, तर त्यातला पडदा आणि मामांचा पडदा जुळणार नाही. दुसरा मार्ग होता काहीच न बदलता मामांनी नव्या कळा घोकायचा. तो आठवडाभर करून झाला होता.

आम्ही मधला मार्ग घेतला. ज्या कळांनी नुकसान होतं किंवा ज्या दिवसात शंभरदा लागतात, तेवढ्याच मामांच्या सवयीप्रमाणे करायच्या. गिम्पमध्ये एडिट मेनूत कीबोर्ड शॉर्टकटची खिडकी आहे, तिथं हे होतं. सात कळा बदलल्या: कंट्रोल-डी निवड सोडायला, कंट्रोल-टी लहान-मोठं करायला, कंट्रोल-एल उजेड-अंधार जुळवणाऱ्या लेव्हल्सला, बी ब्रशला, पी पाथला, एस क्लोनला (गिम्पमधला स्टॅम्प) आणि व्ही हलवायला. बाकी सगळं गिम्पचं. स्टॅम्पसाठी ऑल्टऐवजी कंट्रोल धरणं मात्र तिथून बदलता येत नाही. ते बोटालाच शिकावं लागलं, आणि त्याला महिना लागला.

पुढे काय केलं

पडदा लावून घेतला. गिम्पच्या 2.10 मालिकेतल्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये एकाच जातीची हत्यारं एका खुणेखाली (आयकॉनखाली) दडलेली असतात. खूण दाबून धरली की बाकीची दिसतात. मामा जागेवरून ओळखणारे, त्यांना दडलेलं सापडत नव्हतं. प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेस, त्यात टूलबॉक्स, तिथली गट करण्याची खूण काढली, आणि सगळी हत्यारं उघडी मांडली गेली. खुणा रंगीत केल्या. काळी मांडणी बदलून राखाडी केली. ही शेवटची सूचना मामांची. काळ्या चौकटीत फोटो उजळ वाटतो, मग हात तो आणखी गडद करतो, आणि लॅबमधून प्रिंट काळपट येते, असं ते म्हणाले. चार प्रिंट शेजारी ठेवून त्यांनी ते दाखवलं. हे माझ्या लक्षात कधीच आलं नव्हतं.

मराठी मांडणीही करून पाहिली. गिम्पला मराठी भाषांतर आहे, पण अर्धवट. निम्मे शब्द मराठीत, निम्मे इंग्रजीत. मला वाटलं होतं मामांना आवडेल. एका तासात त्यांनी ती परत बदलायला लावली. "लेव्हल हा शब्द मला दिसतो. मराठीतला मला वाचावा लागतो." वीस वर्षांत ते इंग्रजी शब्द त्यांच्यासाठी चित्र झाले होते.

तिरप्या रेघेची कळ दाखवली. गिम्पमध्ये ती दाबली की शोधायची चौकट उघडते, आणि नाव टाइप केलं की ते काम समोर येतं, मेनूत कुठंही असो. मामांना नावं माहीत होती, जागा माहीत नव्हत्या. त्यांच्यासाठी हीच कळ सगळ्यांत मोठी ठरली.

आणि हत्यारांचा क्रम सोडून दिला. मामांनी स्वतःच्या दिवसाची यादी केली, कामांची. पहिलं पासपोर्ट.

इथं एक मोठा फरक निघाला. फोटोशॉप 7.0 मध्ये क्रॉपच्या पट्टीत 3.5 सेंटिमीटर, 4.5 सेंटिमीटर आणि 300 असं एकदा लिहून ठेवलं की कापताना फोटो त्याच मापाचा होऊन बाहेर यायचा. गिम्पचं क्रॉप फक्त कापतं, माप बदलत नाही. मामा प्रमाण धरून कापत होते आणि मग शीटवर डोळ्यानं लहान-मोठं करून बसवत होते. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आलं ते काउंटरवरच्या मुलीच्या. फोटो कापायचा पंच 35 बाय 45 मिलिमीटरचा असतो. ती म्हणाली, "मामा, दोन दिवस झाले, पंचमध्ये कडेला पांढरी पट्टी राहतेय, नाहीतर डोकं कापलं जातंय."

तिघांनी बसून पायऱ्या बांधल्या. क्रॉपच्या पर्यायांत 35:45 प्रमाण पक्कं करून कापायचं. मग स्केल इमेजमध्ये 413 बाय 531 पिक्सेल आणि 300 रिझोल्यूशन. मग कॅनव्हास 450 बाय 600, फोटो मधोमध, आणि फ्लॅटन (सगळे थर एक करणं), म्हणजे कडेला पांढरी चौकट येते. शेवटी फिल्टर्समधलं मॅप, त्यातलं टाइल, आणि माप 1800 बाय 1200. चार बाय सहा इंची शीटवर आठ फोटो, चारच्या दोन रांगा, एका झटक्यात. जुन्या पद्धतीत मामा आठ वेळा चिकटवून हातानं ओळ लावायचे. पहिली शीट निघाली तेव्हा त्यांनी ती मुलीकडे दिली. तिनं आठही फोटो पंचमधून काढले, एकावर एक ठेवून कडा पाहिल्या आणि गठ्ठा परत त्यांच्या हातात दिला.

टचिंग शिकवताना मी डॉज आणि बर्न हे शब्द उच्चारले आणि मामा थांबले. फोटोशॉपमधली ती काडीवरची गोल खूण आणि मुठीची खूण ते वीस वर्षं पाहत होते, पण वापरत नव्हते; उजेड-अंधार ते लेव्हल्सनं सांभाळायचे. मी म्हटलं, "मामा, हे डार्करूममधलंच आहे." ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि जुन्या एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राच्या) पेटीतून तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची गोल चकती घेऊन आले. एन्लार्जरच्या उजेडात ती हलवत ठेवून ते चेहऱ्यावर सावली धरायचे, म्हणजे तेवढा भाग प्रिंटमध्ये उजळ राहायचा. डॉज म्हणजे ती चकती. बर्न म्हणजे मुठीतून थोडाच उजेड एका जागी सोडणं. त्या दिवशी त्यांनी शिफ्ट-डी ही कळ स्वतःहून वहीत लिहिली. पर्यायांतलं डॉज-बर्न बदलायचं बटण, जोर कमी ठेवून चार वेळा फिरवायचा हात, यातलं काहीच मला शिकवावं लागलं नाही.

सेव्हचं मात्र सक्तीनं करावं लागलं. कोणतंही टचिंगचं काम सुरू करताना आधी कंट्रोल-एस आणि गिऱ्हाइकाचं नाव. एक्ससीएफ फाइल सहा महिने ठेवायची. जेपीजी फक्त लॅबला द्यायला. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावली: "आधी घर, मग पाहुणा." शब्द मामांचे. घर म्हणजे एक्ससीएफ.

निकाल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, प्रवेशांच्या ऐन गर्दीत, पासपोर्टचं काम जुन्या वेगावर आलं आणि नंतर त्याच्या पुढे गेलं. टचिंगला जुलैअखेर लागली. ऑगस्टमध्ये मामांनी मला सांगितलं की आता ते कळांचा विचार करत नाहीत.

मधे एक सकाळ वाईट गेली. मुलीनं कीबोर्ड फडक्यानं पुसला आणि गिम्पमधली सगळी पॅनल, म्हणजे हत्यारांच्या आणि लेयरच्या खिडक्या, गायब झाली. फक्त फोटो उरला. मामांनी गिम्प बंद करून उघडलं, मग संगणकच बंद करून चालू केला, तरी पॅनल आली नाहीत, कारण लपवलेली स्थिती गिम्प लक्षात ठेवतं. बाहेर शिष्यवृत्तीची रांग. मला फोन लागेना. चाळीस मिनिटं काम ठप्प झालं. फडक्याखाली टॅबची कळ दाबली गेली होती. पुन्हा टॅब दाबला असता तर सगळं परत आलं असतं.

अल्बमचं काम गिम्पवर आलं नाही. जुने साचे नीट उघडत नव्हते आणि नवे बनवायला वेळ नव्हता. ते आता जिल्ह्याच्या गावच्या डिझायनरकडे जातं, आणि अण्णांच्या मिळकतीतला तेवढा भाग कमी झाला. या बदलाची ही किंमत आहे.

काउंटरवरची मुलगीही आता टचिंग शिकते आहे. तिला फोटोशॉपची सवय नाही, म्हणून मामांच्या सात कळा तिला अडतात. विंडोजमध्ये दोघांची वेगळी खाती केली. गिम्पच्या सेटिंग प्रत्येक खात्याच्या वेगळ्या राहतात. मार्च 2025 मध्ये गिम्प 3.0 आलं. त्यात फिल्टर लावल्यावरही तो नंतर बदलता येतो, मामांच्या कामाला ते फार सोयीचं आहे. पण लग्नसराई आणि प्रवेश उरकेपर्यंत आम्ही त्याला हात लावला नाही. आधी मुलीचा सराव दुसऱ्या एका संगणकावर झाला, मग दुकानातला बदलला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी मी शिकवायला नको होतं, पाहायला हवं होतं. मामांचा जुना संगणक गेला होता, पण माझ्या संस्थेतल्या कुठल्याही संगणकावर फोटोपी उघडून त्यांना अर्धा दिवस पासपोर्ट करायला बसवलं असतं, तर बोटं कुठं जातात ते दिसलं असतं. टकरावाच्या कळांची यादी तेव्हाच झाली असती.

सात कळा आठवड्यानंतर बदलण्याऐवजी पहिल्या दिवशी बदलायला हव्या होत्या. मूळ मांडणीच शिकावी, हा माझा वर्गातला आग्रह नव्या मुलांसाठी बरोबर आहे. मामांसाठी तो चुकीचा होता, आणि त्याची झळ एका गिऱ्हाइकाला बसता बसता राहिली.

टॅबचा प्रसंग टाळता आला असता. पॅनल लपणं, खिडकी सुटी होणं, मुंग्या दिसेनाशा होणं हे पहिल्याच दिवशी मुद्दाम करून दाखवायला हवं. हरवलेलं परत कसं आणायचं हे हत्यारांच्या आधी शिकवायचं. आता मी वर्गात तसंच करते: पहिल्या तासाला मुलांकडून सगळी पॅनल लपवून घेते आणि परत आणायला लावते.

राहिला सॉफ्टवेअरच्या निवडीचा प्रश्न. तो मी माझ्या सोयीनं सोडवला. दुकानासाठी फोटोपी आणि गिम्प दोन्ही आठ-आठ दिवस वापरून पाहिले असते, तर मामांनी कदाचित फोटोपी निवडलं असतं, आणि अल्बमचे जुने साचेही बहुधा वाचले असते. इंटरनेटची अडचण राउटर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट इन्व्हर्टरवर घेऊन बरीचशी सुटली असती. भाड्याच्या फोटोशॉपचाही हिशेब अण्णांबरोबर बसून पुरता मांडायला हवा होता: अल्बमचं गेलेलं उत्पन्न एका बाजूला, वर्षाचं भाडं दुसऱ्या बाजूला. तो मी मांडला नाही. अण्णांनी मागच्या दिवाळीत तो स्वतः मांडला आणि वही माझ्यासमोर सरकवली. भाडं कमी भरत होतं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "आता परत बदल नको. हात बसलाय." अल्बमसाठी अण्णा आता मुलीला फोटोपीवर बसवणार आहेत.